बोखुमची झाफिरा, तळेगावची बीट

परवा कॅन्टीनमध्ये एक जर्मन सहकारी हसत हसत म्हणाला, "आमच्या नोकऱ्या तुम्ही लोकांनी नेल्या." तो हसत होता, पण मला लागलं.

मी राहतो त्या जर्मनीतल्या बोखुममध्ये ओपेल या मोटार कंपनीचा कारखाना १९६२ पासून होता. ५ डिसेंबर २०१४ ला तिथून शेवटची झाफिरा गाडी बाहेर पडली. ते काम पुण्याला नाही गेलं, जर्मनीतच रुसेल्सहाइमला गेलं. ओपेल तेव्हा जनरल मोटर्सची होती. आणि त्याच जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये आपला तळेगावचा कारखानाही बंद केला! हे त्याला ठाऊकच नव्हतं. २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवल्यावरही तिथे निर्यातीसाठी बीट ही गाडी बनत होती. पुढे कारखाना चीनची ग्रेट वॉल घेणार असं ठरलं, पण सरकारी परवानगीत अडकून २०२२ मध्ये तेही फिसकटलं. कामगार मधल्या मधे लटकले.

नोकरी गेल्यावरच्या भरपाईचा नियम मी दोन्हीकडचा काढून वाचला. जर्मन कायद्यातला ठोकताळा वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षामागे पंधरा दिवसांचा होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेवढाच आहे. म्हणजे कागदावर आपण कुठेही कमी नाही.

फरक आहे तो कामगाराला विचारण्यात, आणि इथे मला जर्मनांचं मनापासून कौतुक वाटतं. १९७६ च्या कायद्याने २,००० हून जास्त कामगारांच्या कंपनीत व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या. कारखान्यात निवडून आलेली कामगार समिती, बेट्रीब्सराट, तिच्याशी वाटाघाटी केल्याशिवाय टाळं लागत नाही. २०१३ मध्ये बोखुमच्या युनियन सभासदांपुढे व्यवस्थापनाशी झालेला, २०१६ पर्यंत कारखाना चालवण्याचा करार मतदानाला ठेवला गेला. तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी तो नाकारला. त्यापायी कारखाना २०१६ ऐवजी २०१४ लाच बंद झाला, हेही खरं. पण मत त्यांचं होतं. पुढे बरेच जण ट्रान्सफर कंपनीत गेले, तिथे पगाराचा मोठा भाग चालू ठेवून नवं काम शिकवतात.

आता चाकणचा कंत्राटी पोरगा घ्या. २४० दिवस काम भरलं की कायद्यात वर्ष धरतात, पण ते भरायच्या आत, सातव्या महिन्यात त्याला ब्रेक. त्याचं वर्षच कधी पुरं होत नाही, तर पंधरा दिवस कसले मोजणार? याचा दोष डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सला देता येत नाही. हे आपलं आपणच केलेलं आहे.

मी स्वतः जागतिकीकरणाचंच खातो. ब्लू कार्डवर, म्हणजे युरोपच्या कुशल कामगारांसाठीच्या परवान्यावर आलो, आमच्या टीमचं निम्मं काम हिंजवडीत होतं, आणि चोख होतं. १९९१ नंतर कंपन्या आल्या नसत्या तर माझ्यासारख्या कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर झाला नसता. त्याबद्दल मला कोणापुढे मान खाली घालायची गरज वाटत नाही, आणि त्या सहकाऱ्याला मी तसं सांगितलंही.

तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. भरती करताना तिने जुन्या कामगारांना आधी बोलवायला हवं, पंचेचाळिशी ओलांडलेली असली तरी. ती लाइन त्यांनीच चालवली होती.