आवाज काय येतोय?

चालू न होणाऱ्या गाडीच्या दोन जाती. एकीचं इंजिन जागचं हलतच नाही आणि दुसरीचं नुसतंच फिरत राहतं, पण उचलत नाही. पहिलीचं दुखणं बहुतेक वेळा विजेचं असतं, दुसरीचं इंधनाचं किंवा ठिणगीचं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात एवढं निदान बॉनेट उघडायच्या आधीच होतं, आणि तेही फोनवर. आपण म्हणतो, "मेस्त्री, गाडी चालू होत नाहीये." पलीकडून येतं, "ते कळलं ओ सर. आवाज काय येतोय सांगा की."

इथे शिकल्यासवरलेल्या माणसाचा कस लागतो. आमच्या सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या पार्किंगमध्ये एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी फोनला तोंड लावून "टक्... नाही नाही, टकटकटकटक असं" म्हणताना पाहिलंय. वरून गॅलरीतून काकू दुरुस्ती सुचवत होत्या, "अहो, एकदाच टक् झालं. मी ऐकलं ना!" दोघंही हट्टाला पेटली. बघणाऱ्याला हा पोरकटपणा वाटेल, पण मेस्त्रीच्या हिशेबात या दोन आवाजांत नवी बॅटरी की स्टार्टरचं काम, एवढा फरक होता.

किल्ली फिरवली की करंट आधी स्टार्टरवरच्या सोलेनॉईडकडे, म्हणजे विजेच्या चुंबकाकडे जातो. तो आतला लोखंडी दांडा ओढून घेतो, त्यासरशी बेंडिक्सचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत बसतं आणि त्याच दमात जाड केबलमधून स्टार्टरच्या मोटरला करंट मिळतो. मोटर शे-दीडशे अँपिअर मागते. बॅटरीत जीव नसेल तर या मागणीनेच तिचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉईडला दांडा धरवत नाही, तो सुटतो. भार गेला म्हणून बॅटरी जरा सावरते, पुन्हा ओढते, पुन्हा गळपटते. हे इतक्या भराभर चालतं की आपल्याला ऐकू येतं ते टकटकटकटक. एकच ठसठशीत टक् आला आणि पुढे शांतता, तर संशय स्टार्टरवर: आतले कॉन्टॅक्ट जळालेले, नाहीतर कार्बन ब्रश झिजलेले. जुने मेस्त्री अशा वेळी स्टार्टरच्या अंगावर पान्याने हलके टोले देतात. ब्रश जरा सरकून टेकतात आणि गाडी चालू होते. बघे टाळ्या पिटायच्या बेतात असतात, पण मेस्त्री मात्र बजावतो की आता वाटेत कुठं बंद करू नका, सरळ गॅरेजला आणा. नुसताच 'घूंऽऽ' आला तर मोटर मोकळी फिरतेय, बेंडिक्स दात्यांत बसत नाही. काहीच आवाज नाही, तर मग फ्यूज, रिले, किल्लीचं स्विच, क्लचखालचं स्विच. नव्या गाडीत किल्ली न ओळखणारं इम्मोबिलायझर. ऑटोमॅटिकवाल्यांनी आधी गिअर 'पी'वर आहे का ते बघावं आणि मगच फोन करावा.

यात सर्वांत मोठा फसवा साक्षीदार म्हणजे डॅशबोर्ड. "लाइटी तर सगळ्या लागल्यात, मग बॅटरी कशी उतरेल?" हा प्रश्न पार्किंगमधला प्रत्येक सल्लागार विचारतो. कर्जात बुडालेला माणूसही कडक इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला जातोच की! डॅशबोर्डच्या दिव्यांना लागतो तो किरकोळ करंट, त्यांच्यावरून बॅटरीची ऐपत कळत नाही. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की तिच्याकडून फार अपेक्षा करू नये. सेल्फ मारताना तो आकडा ९.६ च्या खाली घसरता कामा नये. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. प्रकाश विझायला आला तर बॅटरी कमी पडतेय, किंवा तिच्या जोडण्या. प्रकाश ढिम्म हलला नाही तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाहीये.

त्या काकांच्या गाडीत शेवटी दुखणं निघालं ते बॅटरीचंही नाही आणि स्टार्टरचंही नाही. मेस्त्रीचा पोरगा आला, त्याने बॅटरीचं टर्मिनल दोन बोटांत धरून हलवलं आणि ते हललं. हलायला नको असतं. वर पांढरा-हिरवट भुगा साठला होता. त्याने आधी काळी केबल काढली, मग लाल. काकूंकडून गरम पाणी आणि खायचा सोडा मागवला. पाणी पडल्याबरोबर भुगा फसफसून वर आला, खालून शिशाचा करडा गोळा दिसायला लागला. जुन्या टूथब्रशने घासून, पुसून, नट आवळून, वर बोटभर व्हॅसलीन. म्हणजे बॅटरी भरलेली होती, स्टार्टर धडधाकट होता, आणि भांडण होतं मधल्या मिलिमीटरभर क्षाराचं. टक् एकदा की अनेकदा हा वाद मात्र त्या घरात अजून मिटलेला नाही.

आवाजावरून ओळखायची ही खोड या जिल्ह्यात आली असेल ती विहिरीवरून, असा माझा समज आहे. १९१० साली इथल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तिथून आधी नांगर आणि मग पंप निघाले, आणि मळ्यामळ्यात हँडल मारायची डिझेल इंजिनं धडधडायला लागली. सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेशनची कळ उचलायची, दोन्ही हातांनी हँडलला वेग द्यायचा, मग कळ सोडायची. वस्तीवर अंथरुणात पडून, "इंजिनानं हवा घेतली बघ," असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मोटारींनाही आधी हँडलच होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल हळूहळू डिकीत गेलं. आपल्याकडे फिएट आणि अँबॅसिडरच्या डिकीत ते पुष्कळ वर्षं होतं. ते धरायचं तर अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवून. इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा आणि मनगट, दोन्ही जायचं.

फिरते पण उचलत नाही, या जातीबद्दल थोडक्यात. पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद पंपाची गुणगुण येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी बघायचा. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदीर. वायरिंग कुरतडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पण ऐकून निदान करायची ही विद्या एका ठिकाणी गप्प बसवावी लागते, आणि ते सांगलीकराइतकं कुणाला ठाऊक नसेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर जो तो आपल्या चिखलाने माखलेल्या गाडीपाशी आला, आणि अशा वेळी हात आपसूक किल्लीकडे जातो. "नुसता आवाज तर बघू." तोच बघायचा नसतो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. धुऊन, वाळवून चालू झाली असती ती गाडी त्या एका सेल्फने इंजिनाला मुकते. मेस्त्री त्या दिवसांत फोनवर काही विचारतच नव्हते. "किल्लीला हात लावू नका. बॅटरीची केबल काढा आणि तशीच ओढून आणा," एवढंच. मग ऑइल दुधाळ झालंय का बघायचं, प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं.

तेव्हापासून कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे आमच्याकडे लोक क्रिकेटच्या स्कोअरहून बारकाईने बघतात. पुलाजवळ पाणी चाळीस फुटांकडे सरकलं की नदीकाठच्या गावभागातल्या गाड्या विश्रामबागेकडे निघतात. अशाच एका पावसाळ्यात गावभागातल्या एका मित्राची जुनी मारुती ८०० नेमकी निघायच्या वेळी टकटकली. दुसरा गिअर, किल्ली ऑन, क्लच दाबलेला, आणि मागे आम्ही गल्लीतले सगळे भिजत ढकलणारे. चढापाशी त्याने क्लच सोडला, गाडीने हिसका खाल्ला, धूर सोडला आणि निघाली. पुन्हा बंद पडेल या धास्तीने तो जो सुटला तो थांबलाच नाही. रस्त्यात आम्ही, दोन बॅगा, टीव्हीचं खोकं आणि वहिनी.

"अहो, तो तुम्हाला विसरला की!" मी म्हणालो.

"जाऊ द्या ओ," वहिनी छत्री उघडत म्हणाल्या. "थांबले असते तर परत ढकलायला लागली असती. रिक्षा बघा कुठं मिळते का."