हळदीची पट्टी तीन भाषांत: ॲप उभं करतानाचा माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी वेब ॲप केलं. सौदा झाला की शेतकऱ्याला आपली पट्टी मोबाईलवर दिसावी, एवढंच काम: पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय पडणार. इथे कर्नाटकातूनही माल येतो, त्यामुळे मराठीच्या जोडीला कन्नड हवीच होती. इंग्रजी ठेवली ती लांबच्या खरेदीदारांसाठी.

सुरुवात नेक्स्ट जेएस या वेब ॲप बनवायच्या साधनाच्या एका तयार बहुभाषिक टेम्प्लेटपासून, म्हणजे आयत्या साच्यापासून केली. हा भाग खरंच सोपा. भाषांच्या यादीत एमआर आणि केएन हे मराठी-कन्नडचे कोड घालायचे, त्या नावाच्या जेसन फाइल (मजकुराच्या याद्या) करायच्या, इंग्रजी फाइलमधली प्रत्येक मजकुराची खुणेची नावं तशीच ठेवून समोरचा मजकूर बदलायचा. मराठी पान उघडलं, पण त्याच्याकडे बघवेना.

टेम्प्लेटचा फॉन्ट फक्त लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीपुरता मागवलेला होता, म्हणून मराठी अक्षरं फोनमध्ये जो फॉन्ट असेल त्यात उमटत होती. वर शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर. इंग्रजीला ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. ओळींची उंचीही इतकी आवळलेली की वरच्या वेलांट्या कापल्या जात, आणि कन्नडमध्ये जोडाक्षराचा खाली येणारा भाग बटणाच्या काठात गडप होई. देवनागरी आणि कन्नडसाठी नोटो सान्सचे वेगळे फॉन्ट घेतले, लेटर-स्पेसिंग शून्य केलं, ओळीची उंची दीडपटीच्या वर नेली. पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या एचटीएमएलच्या लँगमध्ये कायमचं ईएन (इंग्रजी) लिहिलेलं होतं, तेही बदललं. काही फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श त्यावरूनच निवडतात.

मग भाषा आपोआप ओळखण्याची सोय. ब्राउझर सांगेल त्या भाषेचं पान ती उघडते. आपल्याकडे शेतात वापरला जाणारा फोनही बहुतेक वेळा इंग्रजीवरच असतो, त्यामुळे ज्याला पट्टी वाचायची तोच इंग्रजी पानावर जाऊन पडायचा. ती सोय सरळ बंद केली. पहिल्यांदा उघडल्यावर तीन मोठी बटणं दिसतात, प्रत्येकावर भाषेचं नाव त्याच भाषेत, आणि एकदा निवडलेली भाषा कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत राहते.

खरा वेळ गेला तो आकड्यांत. ॲप ज्या भाषेत लिहिलं त्या जावास्क्रिप्टमध्ये आकडे मांडून देणारी नंबर फॉरमॅट ही सोय आहे, तिला मराठी सांगितली की देवनागरी अंक येतात: १,४५,०००. कन्नडला मात्र ते इंग्रजी अंकच देतं. इंग्रजीला नुसतं ईएन ठेवलं तर स्वल्पविराम हजारांच्या हिशेबाने पडतो आणि एक लाख पंचेचाळीस हजार परदेशी थाटात दिसतात. तिथे ईएन-आयएन, म्हणजे भारतातली इंग्रजी लागते. म्हणजे एकाच पट्टीवर तीन भाषांत तीन तऱ्हा. शिवाय देवनागरी अंकांतली रक्कम कॉपी करून दुसऱ्या चौकटीत टाकली तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. मी शेठना दोन्ही नमुने दाखवले. ते म्हणाले, “अहो, काट्यावर इंग्रजी, चेकवर इंग्रजी. आकडे तेच ठेवा बघा, माणसं गोंधळायला नकोत.” मराठी लिहिणारा म्हणून मला देवनागरी अंकच आवडतात, पण पैशाच्या कागदावर माझ्या आवडीला काय किंमत? तिन्ही भाषांत अंक एकच केले.

कन्नड मजकूर दुकानातल्या तोलाईवरच्या अण्णांनी तपासला. ते अथणीकडचे. मशीनने केलेलं भाषांतर वाचून म्हणाले, “हे सरकारी नोटिशीसारखं वाटतंय. आमचा शेतकरी वाचायचा नाही.” मग त्यांनी बोलून दाखवायचं, त्यांच्या पुतणीने टाइप करायचं, असं चाललं. टेम्प्लेटमधल्या लांबलचक सूचनांपैकी निम्म्या त्यातच गळाल्या आणि मराठीतही मी त्या काढून टाकल्या.

सगळ्यात चिवट अडचण निघाली ती गावांच्या शोधात. कऱ्हाड शोधलं तर कऱ्हाडचीच काही खाती सापडत नव्हती, आणि पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. ऱ्ह दोन प्रकारे लिहिला जातो: युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संचातला ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. जुन्या वहीतून संगणकावर चढवलेल्या नोंदींत दुसरा प्रकार होता. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत, या दोघांना एक मानत नाही, म्हणून ते बदलणारं छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागलं. पण लोक कराड असंही लिहितात, त्याला हे फंक्शन काय करणार! शेवटी गाव टाइप करायची चौकटच काढली. आता यादीतून गाव निवडायचं. आत साठतो फक्त त्याचा क्रमांक आणि नाव ज्या त्या भाषेच्या फाइलमधून येतं.