क्योतोत राइजिन पाहायचा तर

राइजिन म्हणजे जपानी मेघगर्जनेचा देव. क्योतोत त्याची दोन सर्वोत्तम रूपं अर्ध्या दिवसात पाहून होतात, पण मी आधी शिल्प आणि मग चित्र याच क्रमाने पाहा म्हणेन.

शिल्प आहे सांजूसांगेन्दो या बौद्ध मंदिरात. तिथे केइहान रेल्वेच्या शिचिजो स्थानकावरून चालत जाता येतं. बूट बाहेर काढायचे, आत फोटो अजिबात नाही. 1266 साली पुन्हा बांधलेलं हे सभागृह सुमारे 120 मीटर लांब आहे. आत करुणेचा बोधिसत्त्व कान्नोन याच्या 1001 मूर्ती, पुढे 28 रक्षक आणि दोन टोकांना वायुदेव फूजिन व राइजिन. जुनी पुस्तकं हाती असतील तर घोळ होतो, कारण 2018 मध्ये या दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. आता आधी फूजिन भेटतो आणि राइजिन अगदी शेवटी. हजार मूर्तींनी डोळे थकलेले असतात, त्यामुळे बरेच लोक त्याच्यासमोरून घाईने निघून जातात. तिथे दहा मिनिटं राखून ठेवा.

मूर्ती जेमतेम मीटरभर उंच, तेराव्या शतकातली. लाकडाचे तुकडे जोडून घडवलेली, डोळ्यांत स्फटिक. ढगावर एक गुडघा टेकलेला, पाठीमागे ढोलांचं कडं, हातात टिपऱ्या. थोडं बाजूला सरकून पाहिलं की स्फटिकात प्रकाश चमकतो आणि नजर जिवंत होते. गंमत म्हणजे आपला इंद्रही ताइशाकुतेन या नावाने त्या 28 जणांत उभा आहे, पण गडगडाटाचं खातं इथे त्याच्याकडे नाही!

तिथून केइहाननेच गिओन-शिजोला उतरून केन्निन्-जी. तावाराया सोतात्सुने सतराव्या शतकात सोनेरी वर्खावर रंगवलेली, फूजिन-राइजिन दाखवणारी घडीच्या पडद्यांची जोडी याच मंदिराची. मात्र इथे दिसते ती हुबेहूब प्रतिकृती. मूळ जोडी क्योतो राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात असते आणि क्वचितच मांडली जाते. प्रतिकृतीचा फायदा असा की जवळ जाता येतं. इथला राइजिन पांढरा आहे, आणि त्याचे ढोल वरच्या कडेला कापले गेलेत, म्हणून तो नुकताच चौकटीत झेपावल्यासारखा वाटतो. मधली जागा मोकळी, नुसतं सोनं. ढगांसाठी ओल्या रंगावर शाई सोडून ती पसरू दिली आहे.

पुढे ओगाता कोरिन या चित्रकाराने हेच चित्र पुन्हा काढताना ढोल पूर्ण चौकटीत बसवले. ती प्रत तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नेटकी आहे, पण झेप हरवली. ती कायम मांडलेली नसते, तेव्हा उएनोला जाण्याआधी त्या दिवसाची प्रदर्शनसूची तपासा.