घोडबंदर रोडवरून लघुग्रह शोधायचे तर

घोडबंदर रोडच्या झगमगाटात गच्चीवर दुर्बीण लावून नवा लघुग्रह सापडेल, ही आशा सोडा. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा लॅपटॉपवर तपासणं जास्त शहाणपणाचं.

या प्रतिमांच्या प्रत्येक संचात आकाशाच्या एकाच तुकड्याच्या चार प्रतिमा असतात, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या संगणक प्रोग्राममध्ये त्या ताऱ्यांवर जुळवून ब्लिंक करा, म्हणजे एकामागून एक भराभर दाखवा. तारे जागीच राहतात. आपल्याला हवा असतो सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकणारा ठिपका. तो तीनच फ्रेममध्ये दिसला, तर चौथीत ताऱ्याखाली किंवा कॅमेऱ्याच्या चिपांमधल्या फटीत लपलाय का ते बघा. ठिपक्यावर क्लिक केलं की त्याच्या प्रकाशाचा आलेख येतो. घंटेसारखा गुळगुळीत उतार म्हणजे ठीक. एकाच पिक्सेलचा सुळका म्हणजे बहुतेक सेन्सरचा दोष. नवखे इथेच फसतात.

धोक्याचं गणित मात्र उलटं वाटतं. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. बातम्यांनी उगाच घाबरवलं. नवी निरीक्षणं आली की संभाव्य मार्गांचा पट्टा आखडतो. पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा वाटा सहसा वाढत जातो, ती बाहेर पडली की आकडा कोसळतो. जुन्या प्रतिमांत तोच ठिपका सापडला, तर महिन्यांचं काम एका संध्याकाळीही उरकतं.