तुम्ही विचारलंत म्हणून: "फोटो तर स्पष्ट आहे, मग नाव का सांगत नाही?"

उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे फोटो लोक मला पाठवतात आणि जाती विचारतात. प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो, पण असतो तोच. "खिडकीत सापडला, कोणता ते सांगा ना." "केस मोजता येतील इतका शार्प फोटो आहे, तरी तुमचं आपलं 'प्लेक्सिपस असावा'?" आणि तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर येतो तो सगळ्यात बोचरा: "नुसतं नाव सांगायला पैसे पडतात का?"

पैसे पडत नाहीत. बहुतेक वेळा मादी मारावी लागते.

आधी फोटोवरून जे सांगता येतं ते सांगून टाकतो, म्हणजे मी उगाच भाव खातो असं वाटायला नको. घरातला काळा नर, डोक्यापासून उदरापर्यंत मधोमध पांढरा पट्टा: प्लेक्सिपस पेकुली. गडद नर, तोंडापुढच्या पाल्पांवर (छोट्या पायांसारख्या जोडीवर) पांढरे केस, उदराच्या पुढच्या कडेला पांढरी कोर: हसारियस ॲडनसोनी. करड्या रंगाचा, चपटा, कंपाउंडच्या भिंतीला लेप दिल्यासारखा बसलेला: मेनेमेरस बायव्हिटाटस. बागेतल्या पानावरची फिकट पिवळी मादी, उदरावर दोन तांबूस रेघा: टेलामोनिया डिमिडिआटा. (2002 च्या सुमारास संडासाच्या सीटखाली दबा धरून माणसं मारणारी कोळीण म्हणून ईमेलवर जी बदनाम झाली ती हीच. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.) एवढ्यांची नावं मी चहा पिता पिता देतो. तुम्ही पाठवता ते मात्र यातलं क्वचितच असतं. तुम्ही पाठवता ती तपकिरी मादी, नाहीतर अर्धवट वाढलेलं पोर.

शब्दांचाही एक घोळ आहे. वर्तमानपत्रं ज्याला 'प्रजाती' म्हणतात त्याला विश्वकोश 'जाती' म्हणतो, आणि विश्वकोशातली 'प्रजाती' म्हणजे त्याच्या वरची पायरी, जीनस. त्यामुळे "प्रजाती तरी सांगा" म्हणणारा नेमकं काय मागतोय हेच कळत नाही. इथे मी जीनस आणि जाती असं लिहितो.

जगातल्या कोळ्यांच्या यादीत 2022 साली 50,000 वी जाती चढली, आणि ती दक्षिण अमेरिकेतली, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच कुळातली होती: गुरियुरियस मिनुआनो. या एका कुळात 6,000 च्या वर जाती, कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं कूळ. त्यातल्या शेकडो आजही फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून माहीत आहेत. म्हणजे तुमच्या मादीचा नवरा पुस्तकात असेल, ती स्वतः नसेल. मी फोटो कशाशी ताडून बघू?

आणि ताडायचा असतो तो रंग नव्हेच. रंग वयाने बदलतो, खवले घासून जातात, स्पिरिटमध्ये हिरवा-लाल उतरतो. जाती ठरते नराच्या पाल्पवरून आणि मादीच्या एपिजिनवरून, म्हणजे पोटाखालच्या जननद्वाराच्या कडक तबकडीवरून. पाल्पमध्ये एम्बोलस, म्हणजे वीर्य सोडणारी सुई, कुठून निघते, किती वळसा घेते आणि टोकाला कशी आहे ते बघायचं. मग टिबियाच्या, म्हणजे पाल्पच्या टोकाआधीच्या पेराच्या, बाहेरच्या बाजूचा काटा. रिवाजाने डावा पाल्प काढतात, खालून आणि बाहेरच्या बाजूने बघतात. इथे पहिली ठेच लागते. पाल्प पाच-दहा अंशांनी कलला की काट्याचा आकार वेगळा दिसतो, आणि त्या कललेल्या चित्रावर 'नवी जाती' उभी राहते. म्हणून तो काचेच्या बशीत बारीक पांढऱ्या वाळूत, नाहीतर चक्क सॅनिटायझरच्या जेलमध्ये रोवून स्थिर करायचा. जेल पारदर्शक असते, हवा तो कोन धरून ठेवते, आणि नंतर स्पिरिटने धुऊन जाते.

जीनसपर्यंत पोचायलाही डोळ्यांच्या रांगा आणि तुकतुकीत चेहरा पुरत नाही. जबड्याच्या मागच्या कडेवर दात किती, एकच, दुभंगलेला एक, की अनेक, यावर सिमाँ या फ्रेंच अभ्यासकाने 1901 साली अख्खं कूळ विभागलं. तपासायला ती खूण आजही कामाची आहे. नात्याच्या दृष्टीने पोकळ, कारण तसे दात वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेत. 2015 साली वेन मॅडिसन या अभ्यासकाने डीएनए आणि शरीररचना एकत्र धरून सात उपकुळं मांडली. त्यातल्या साल्टिसिनीमध्ये कुळाचा बहुतेक सगळा पसारा येतो. दुसऱ्या कोळ्यांची शिकार करणारी पोर्शिया मात्र तिच्यात नाही, ती स्पार्टिनीतली. तुम्ही पाठवलेलं काही त्यातलं निघालं तर मीच तुम्हाला फोन करेन.

नावं बदलतात म्हणूनही माझ्यावर राग. "मागच्या वेळी मिर्मॅरॅक्नी म्हणालात, आता मिर्माप्लाटा?" पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा तो कोळी. 2016 साली प्रुशिन्स्की या अभ्यासकांनी मिर्मॅरॅक्नीचे तुकडे केले आणि तो मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस झाला. कोळी तोच, फांदीही तीच. मला ही विभागणी सगळी पटते का? सोमवारी पटते, गुरुवारी नाही.

आणि जुन्या नावांचं म्हणाल तर खंडाळ्याचंच घ्या. झूलॉजिकल सर्व्हेच्या टिकादरांनी 1977 साली फिडिपस खंडाळाएन्सिस असं नाव ठेवलं. फिडिपस हा मुळात अमेरिकेचा जीनस. 2004 साली एडवर्ड्स यांनी त्याची समग्र फेरतपासणी केली, आणि आपल्याकडची त्या नावाखालची मंडळी तिथे बसत नाहीत हे उघडं पडलं. टिकादरांना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्याकडे तुलनेला अमेरिकेतले नमुने नव्हते, आणि त्यांनी केलं नसतं तर आपल्याकडे खोडायलासुद्धा काही नसतं. पण तुमच्या हातातल्या जुन्या यादीत 'फिडिपस' छापलंय म्हणून मी ते म्हणणार नाही.

आता ती सड्यावरची मादी. हे लिहायचं टाळत होतो.

कोकणातला एक सडा, उघडा जांभा, पावसाळा ओसरलेला. स्टेनेल्युरिलसची एक मादी, साधारण सहा मिलिमीटर, काळसर, पाठीवर दोन फिकट पट्टे. आठवडाभर आधी त्याच कातळावर त्याच जीनसचे नर मिळाले होते आणि त्यांची जाती पाल्पवरून पक्की होती. जागा तीच, चण तीच. चिठ्ठीवर मी मादीलाही नराचं नाव लिहिलं आणि ते एका स्थानिक यादीत गेलं. फोटो, जाता जाता सांगतो, उत्कृष्ट होता.

मग एपिजिन उघडून खात्री करायचं ठरलं. रीत अशी: मादी 70 टक्के अल्कोहोलमध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली, काडीत रोवलेल्या बारीक टाचणीने तबकडीभोवती तीन बाजूंनी चीर द्यायची, चौथी बाजू चिमट्याने उचलून सोडवायची. तुकडा निघतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. तो 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचा आणि थंडच, रात्रभर ठेवायचा. मांस विरघळतं, कडक भाग उरतो. मग ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा धुऊन, एक-दोन केसांच्या ब्रशने उरलेला बुळबुळीत थर काढायचा. आरपार दिसायला लॅक्टिक ॲसिड, नाहीतर लवंगेचं तेल. लवंगेच्या तेलात घालण्याआधी तुकडा शुद्ध अल्कोहोलमधून काढावा लागतो, सत्तर टक्क्यांतून थेट टाकला तर सगळं दुधासारखं गढूळ होतं. मग वरून आणि आतून असं दोन्हीकडून चित्र काढायचं: छिद्रं कुठे, नळ्या किती वेळा वळतात, वीर्यकोश गोल की लांबट. शेवटी तुकडा चिमुकल्या नळीत घालून त्याच मादीच्या बाटलीत परत.

रात्रभर थांबणं झालं नाही. द्रावण गरम केलं. गरम केलं की काम मिनिटांत होतं, आणि दहा वेळा ते निभावून गेलेलं असतं. ही मादी मात्र नुकतीच कात टाकलेली होती. पाय फिकट, तबकडीची कड तांबूस होण्याऐवजी पिवळट, म्हणजे खूण समोर होती. कात टाकल्यावर आतल्या नळ्या कडक व्हायला काही दिवस लागतात. तोवर त्या ओल्या कागदासारख्या असतात. लॅक्टिक ॲसिडमध्ये बघितलं तर वरची तबकडी शाबूत, आणि आत दोन चुरगळलेल्या पारदर्शक पिशव्या. वळसे मोजायला वळसेच नव्हते. ब्रशने सरळ करायला गेलो तर डावीकडची नळी मुळापासून तुटली आणि पिपेटमध्ये ओढली गेली. पिपेट चार वेळा बशीत रिकामं केलं. मिळाली नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. मादी एक गेली, दुसरी मिळेल. पण पुढच्या हंगामात त्याच सड्यावरचे आणखी नर तपासले तेव्हा ते दोन जातींचे निघाले. पाठ सारखी, पट्टे सारखे. एम्बोलसची लांबी आणि टिबियाचा काटा साफ वेगळा. मग ती मादी कुणाची? यादीतलं नाव काढून 'स्टेनेल्युरिलस, जाती अनिश्चित' करा असं कळवलं. तोवर ती यादी आणखी दोन याद्यांत उतरली होती. त्या अजून तशाच आहेत.

तुम्ही म्हणाल, डीएनए काढायचा. काढतात. एक पाय, 95 टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, त्यालाच बारकोड म्हणतात. पण तो जुळवायला आधी कुणीतरी पाल्प बघून नाव दिलेला नमुना लागतो. तो चुकला असेल तर बारकोड तीच चूक ठणकावून सांगतो. ॲपचंही तेच. ॲप फोटोंवर शिकतं, फोटोंना नावं आपणच दिलेली असतात, आणि मग ॲपने पण तेच सांगितलं म्हणून आपण खूश.

पूर्वीचा मी याच्या उलट भांडायचो. अंदाजाने का होईना नाव द्या, नाव नसलेल्या फोटोकडे कुणी ढुंकून बघत नाही, पोरांचा उत्साह मरतो. ते अगदीच खोटं नव्हतं. मी 'असावा' म्हटल्यावर दुसऱ्यांदा कधीच फोटो न पाठवलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या अंगणात काय फिरतंय ते मला आता कळणार नाही. सड्यावरच्या मादीनंतर मी आखडलो. जास्तच आखडलो का? शक्य आहे.

न मारता काय करता येतं तेही सांगतो, कारण सगळ्यांनी बाटल्या घेऊन सुटावं असं माझं म्हणणं नाही. संरक्षित जंगलातून काही उचलायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. पोर असेल तर वाढवा. एका डबीत एकच, नाहीतर सकाळी एकच उरतो. झाकणाला टाचणीची भोकं, ओला कापूस, खायला केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटं. शेवटची कात टाकल्यावर आठवडाभर थांबून मग फोटो. पाल्प मुष्टियुद्धाच्या मोज्यांसारखे फुगीर आणि गुळगुळीत असतील तर तो अजून एक कात लांब असलेला नर आहे, त्यावरून कुणीही जाती सांगू नये. पानाच्या घडीत रेशमी घरट्याशेजारी नर बसलेला दिसला तर दोघांचा मिळून फोटो घ्या: वयात येऊ घातलेल्या मादीजवळ नर असा मुक्काम ठोकतो, आणि कुणाची मादी कोण याचा तो पुरावा माझ्या अंदाजापेक्षा बरा.

परवाच्या फोटोबद्दल: मादी आहे, प्रौढ आहे, जीनस बहुधा प्लेक्सिपस. पोटाखालचा फोटो हवा. डबीसकट फ्रीजमध्ये पाच मिनिटं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. मग पातळ पारदर्शक पिशवीत घेऊन मागून स्पंजचा तुकडा हलका दाबा आणि वरून उजेड द्या. तबकडीची भोकं चिकाने बुजलेली असतील तर तिचं मीलन झालेलं असू शकतं, ते खरवडायला जाऊ नका. फोटो झाला की जिथून घेतली त्याच खिडकीत सोडा.