स्वालबार्डला स्कीइंग: पैसा नेमका कशावर घालायचा

निफाडला पारा पाचाच्या खाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि गंगापूर रोडवर कानटोप्या दिसू लागतात. नॉर्वेच्या उत्तरेला, 78 अंश अक्षांशावर, स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावात मार्चचा साधा दिवस उणे पंधराचा असतो. तिथे स्की करायला जाणाऱ्या नाशिककरांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: माणूस बेजार होतो तो वाऱ्याने आणि स्वतःच्या घामाने. उणे 20 ला ताशी 30 किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 33 सारखी लागते.

लक्झरी पॅकेजच्या जाहिरातीत जकूझी आणि वाइनचे फोटो असतात. आमच्या मते आर्क्टिकमध्ये पैसा तीनच गोष्टींवर घालावा: कमी माणसांमागे एक अनुभवी गाइड, ओले बूट-हातमोजे रात्रीत वाळवणारी गरम खोली, आणि हवामानासाठी किमान दोन राखीव दिवस. एका गाइडमागे चार ते सहा जण ठीक. त्याहून जास्त असतील तर सगळ्यात हळू चालणाऱ्यासाठी बाकीचे वाऱ्यात थांबतात आणि गारठतात.

महिना निवडताना डिसेंबर-जानेवारीच्या सुट्ट्या सोडून द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथे ध्रुवीय रात्र असते, म्हणजे दिवसाही अंधारच. मग उजेड येऊ लागतो, पण डोंगरांआडून गावात सूर्य पुन्हा दिसतो तो 8 मार्चच्या सुमारास. 20 एप्रिलच्या आसपास मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो, म्हणजे तो मावळतच नाही. म्हणजे शाळेच्या परीक्षा आटोपल्यावरचा एप्रिलचा शेवटचा आठवडा उत्तम: बर्फ भरपूर, उजेड चोवीस तास, थंडी मार्चपेक्षा सौम्य. बोटीवर राहून किनाऱ्यावर उतरायचं, डोंगर चढायचा आणि स्कीवरून थेट समुद्राकडे यायचं, अशा सहलीही याच दिवसांत निघतात.

हे नवशिक्याचं ठिकाण नाही. इथे लिफ्टने वर नेणारं मोठं रिसॉर्ट नाही, चढायचं स्वतःच्या पायांनी. त्यामुळे आधी गुलमर्ग किंवा औलीला किमान दोन हंगाम काढा आणि कच्च्या, न दाबलेल्या बर्फात वळता आलं पाहिजे इतकं शिका. पायांची तयारी मात्र नाशिकमध्येच होते. अंजनेरी, कळसूबाई पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढा, आणि उतरताना घाई न करता, गुडघे वाकवून, मांड्यांवर भार घेत उतरा. स्कीमध्ये मांड्या जळतात त्या उतरताना. नुसतं चढण्याची सवय असलेला ट्रेकर दुसऱ्याच दिवशी पाय सोडतो.

चढायला स्कीच्या तळाला स्किन चिकटवतात: केसाळ पट्टी, पुढे घसरते, मागे अडते. पाय उचलायचा नाही, घसरवत पुढे न्यायचा. उचललात की दर पावलाला स्की आणि बुटाचं वजन मांडीवर येतं. स्किनचा गोंद हा सगळ्यात नाजूक भाग. त्यावर बर्फाचा भुगा बसला की ती चिकटत नाही आणि अर्ध्या चढावर पट्टी लोंबू लागते. म्हणून वर पोचल्यावर स्किन काढली की घडी घालून जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवायची, सॅकमध्ये नाही. सोबत रबरी पट्टे ठेवा. गोंद गेलाच तर स्किन स्कीला बांधून वेळ निभावते. टणक बर्फासाठी स्कीचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, लागतात. बेटांचा सुमारे 60 टक्के भाग हिमनद्यांखाली आहे, म्हणून हिमनदीच्या भेगेत कुणी पडलं तर काढायला हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि दोर सुद्धा.

हिमस्खलनाचा धोका खरा आहे. 19 डिसेंबर 2015 ला खुद्द लाँगयिअरब्येनमध्ये डोंगरावरचा बर्फ घरांवर आला आणि दोघांचा जीव गेला. ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नलचं यंत्र), फावडं आणि किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) प्रत्येकाकडे हवा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता मोठी, नंतर ती झपाट्याने घसरते. तेव्हा शोधायचं काम सोबत्यांचंच. मोबाइल ट्रान्ससीव्हरपासून 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50. जवळ असला तर सिग्नल बिघडतो. पहिल्या दिवशी गाइड याचा सराव घेत नसेल, तर तशी मागणी करा.

कपड्यांत सुती काहीही नको, बनियनही नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. आत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, आणि सॅकमध्ये जाड पिसांचं जॅकेट. ते थंडी वाजल्यावर घालायचं नसतं, थांबल्याक्षणी घालायचं. चढायला लागताना किंचित गार वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार. बुटात मोजे एकच जोड. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं जास्त गारठतात. हातमोज्यांचा सुटा जोड सक्तीचा समजा.

कानातले, चमकी, धातूची साखळी हॉटेलमध्येच काढून ठेवा, धातू कातडीतली ऊब ओढतो. सोबत्याच्या नाकावर, गालावर मेणासारखा पांढरा डाग दिसला तर चोळू नका. उघडा, गरम तळवा ठेवा. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून थर्मास घ्या. साधी बाटली असेल तर उलटी ठेवा: बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

गावाबाहेर अस्वलापासून संरक्षणाची साधनं जवळ हवीतच, ते काम गाइडचं. 2025 पासून ध्रुवीय अस्वलापासून 300 मीटर, आणि 1 मार्च ते 30 जून 500 मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे जवळून अस्वल दाखवतो म्हणणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

व्हिसाची चूक सगळ्यात महाग पडते. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून तिकडे निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा प्रवेश. म्हणून दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीला अडकाल. मुंबईच्या व्हिसा केंद्रावरचं काम पंचवटी एक्सप्रेसने जाऊन पंचवटीनेच परत, एका दिवसात उरकतं. विम्यात 30,000 युरोची शेंगेनची अट पुरी होते म्हणून थांबू नका. ऑफ-पिस्ट स्कीइंग (आखलेल्या उतारांबाहेरचं), हिमनदीवरची वाटचाल आणि शोध-बचाव हे शब्द पॉलिसीत लिहिलेले हवेत. गावातलं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने त्रोम्सोला नेतात.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, कारण बोटीवर भरलेला शिधा नंतर बदलत नाही. खाऊ न्यायचा तर चिवडा, खाकरे, खजूर चालतील. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नॉर्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवा. गुळाची चिक्की उणे पंधराला दगड होते, ती निघताना आतल्या खिशात ठेवा.