ब्युनोस आयर्स : मांस जरूर खा, टेस्टिंग मेन्यू घेऊ नका

आधी निकाल सांगते, मग हकीकत. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या महागड्या पारिशात, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजून देणाऱ्या हॉटेलात, टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेल्या छोट्या ताटल्यांची रांग, एकाच किमतीत) घेऊ नका. तिथेच बसा, तेच मांस खा, पण मेन्यूकार्ड बघून एकेक पदार्थ मागवा. निम्म्या पैशात दुप्पट समाधान मिळेल.

निमित्त लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. पालेर्मो भागातलं ठिकाण. नाव देत नाही, कारण असे प्रकार एकाच ठिकाणी होत असतील असं वाटत नाही. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने 2023 च्या नोव्हेंबरात ब्युनोस आयर्स आणि मेंडोसा या वाइनच्या प्रांताची पहिली यादी काढली, तेव्हापासून या भागात मोठमोठी स्वप्नं विकली जाताहेत. बुकिंगच्या पानावर मेन्यूची किंमत डॉलरमध्ये होती, खाली एक ओळ : 'वाइन वेगळी'. ही ओळ लक्षात ठेवा.

आम्ही दोघंही बीफ खातो, त्यावर चर्चा नको. न खाणाऱ्यांसाठी शेवटी लिहिलंय.

भट्टीसमोरचं टेबल मागून घ्या, एवढं मात्र अगदी वसूल होतं. एका बाजूला लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात लाकडं जळत असतात. निखारे खाली गळले की भाजणारा ते फावड्याने ओढून शेगडीखाली पसरतो, कुठे दाट, कुठे विरळ. शेगडीच्या सळया पन्हळीसारख्या असतात आणि शेगडी पुढे किंचित उतरती. चरबी त्या पन्हळीतून वाहत पुढच्या तसराळ्यात जाते, निखाऱ्यावर पडून भडका उडत नाही. मसाला कसला? फक्त जाडं मीठ. आमच्यासमोर बरगडीचा एक लांबलचक पट्टा हाडाची बाजू खाली करून ठेवला होता. आम्ही आलो तेव्हापासून तो तिथेच होता आणि त्याला कुणी हातही लावत नव्हतं. हे बघण्यात माझा अर्धा तास मजेत गेला.

आता जेवण. पाव आणि चिमिचुरी (पार्सली-लसणाची आंबट चटणी), एम्पनाडा (सारण भरलेली करंजी), चोरिसो (मांसाचं सॉसेज), रक्ताचं सॉसेज, मग वितळलेल्या प्रोवोलेता चीजची चकती, मग मोशेहास. मोशेहास म्हणजे वासराच्या गळ्यातली ग्रंथी. बाहेरून कुरकुरीत, आतून साईसारखी, वर लिंबू पिळलेलं. सगळ्या रात्रीत हा एकच पदार्थ असा होता की आम्ही दोघं बोलायचं थांबलो. बाकी काही खाल्लं नाहीत तरी चालेल, हे खा.

पण मुख्य मांस आलं तेव्हा लग्नाच्या पंगतीत जिलबी यायच्या आत मसालेभातावर पोट भरावं तशी गत झालेली. ओहो दे बीफे, म्हणजे रिब-आय स्टेक, त्याचे दोन पातळ काप, बरगडीचा एक तुकडा, संपलं. पातळ काप दोन मिनिटांत गार होतात. या मांसाची सगळी मजा जाड तुकड्यात आहे : वरचा करपलेला खारट थर आणि आतला रस एका घासात यायला हवा. शेफला हे माहीत नसेल? माहीत असणारच. पण आठ-दहा ताटल्यांचा हिशोब जमवायचा तर काप पातळच निघणार.

आणि आता वाइन. सोमेलिये, म्हणजे वाइन सुचवणारा, आला, गोड हसला, "तुमची खास रात्र आहे ना?" म्हणाला आणि प्रत्येक पदार्थाबरोबर द्यायच्या वाइनच्या नेहमीच्या जोडीऐवजी 'खास जोडी' सुचवली. किंमत बोलला नाही, कार्ड दाखवलं नाही. आधी उत्तरेतल्या साल्ताकडची तोरोन्तेस ही पांढरी वाइन, मग मेंडोसातल्या ऊको खोऱ्यातल्या माल्बेक या लाल वाइन. वाइन उत्तम होत्या, त्यात खोट काढणार नाही. माल्बेकची द्राक्षं 1853 च्या सुमारास फ्रान्समधून मेंडोसाला कशी आली, हेही त्याने रंगवून सांगितलं. फक्त आकडा सांगायचा राहिला.

बिलात वाइन जेवणापेक्षा महाग! शिवाय डॉलरमधली किंमत त्यांनी आपल्या मनाच्या दराने पेसोत, म्हणजे तिथल्या चलनात, बदललेली. नवरा म्हणाला, "अगं, बोल ना त्याला." बोलले. मॅनेजर आला, खांदे उडवले, दर थोडा खाली आणला, वाइनचा आकडा हलला नाही. अजून लिहिताना रक्त उसळतं.

म्हणून नीट ऐका. ग्लासात थेंब पडायच्या आधी किंमत कागदावर बघा. बुकिंग करतानाच लेखी विचारा की बिल कोणत्या चलनात आणि कोणत्या दराने होईल. कार्डावरच्या किमतीत 21 टक्के कर धरलेला असतो, तो कुणी वर लावला तर हटकायचं. कुबिएर्तो म्हणजे पाव आणि टेबलाचे माणशी पैसे. ते वेगळे लागतात, त्यावरून भांडू नका. टिप साधारण 10 टक्के, ती बिलात धरलेली नसते आणि रोख दिलेली बरी. आणि किमतींसाठी जुने लेख वाचूच नका : 2023 साली तिथली महागाई 200 टक्क्यांच्या वर गेली होती, त्या आकड्यांना काही अर्थ उरलेला नाही.

काय मागवाल? दोघांत एक मोशेहास, एक जाड ओहो दे बीफे, एक साधं सॅलड, तळलेले बटाटे, कार्डावरची मधल्या किमतीची माल्बेक. एम्पनाडा दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात खा. मांस 'हुगोसो' सांगा, आत लाल आणि रसदार येतं. 'अ पुन्तो', म्हणजे मध्यम शिजलेलं, म्हटलंत तर आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त शिजलेलं येण्याची शक्यता. स्वयंपाकघर आठच्या सुमारास उघडतं, गावकरी दहाला येतात. आठचं टेबल घेतलंत तर भट्टीजवळची जागा मिळते. दुपारी नावापुरतंच खा.

शहराचे बाकीचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं विशेष नाही.

बीफ न खाणाऱ्यांनी टेस्टिंग मेन्यूच्या वाटेला जाऊच नये, बदलून देतो म्हणतात आणि भाजलेला भोपळा आणून ठेवतात. प्रोवोलेता, भाजलेल्या भाज्या, चिकन किंवा मासा कार्डावरून मागवा, आणि चोरिसोत बहुधा डुकराचं मांसही असतं, ते आधी विचारून घ्या.